तरंगाचं संध्याकाळचं वजन

येसो,

काल दसरा झाला. देवीचं तरंग तुझ्या हातात नव्हतं आणि माझ्याही नव्हतं. मान आपल्या घराण्याचा, आणि आपल्यातला एकही पुरुष देवळाच्या पायरीवर नाही, असा दसरा मी पहिल्यांदाच पाहिला. पाहिला म्हणजे माझ्या अंगणातून जेवढा दिसला तेवढा. तू गेल्याचं सुतक चुलतभाऊ म्हणून मलाही आहे, आणि सुतकातल्या माणसाने तरंगाला हात लावायचा नसतो.

तुझ्या शाळेतले मास्तर मध्यंतरी गेटपर्यंत येऊन गेले. शाळेच्या अंकात तुझ्यावर काहीतरी लिहा म्हणाले. "तुमी भाऊ, आणि दोघय व्यायामातले. तुमच्याइतक्या कोणाक म्हायत आसतला?" तू कुठे शिकलास, साखळी गावच्या शाळेत कधी लागलास, तुझ्या मुलींच्या कबड्डी संघाने किती ढाली आणल्या, ते दुसरे लिहितील आणि माझ्यापेक्षा नीट लिहितील. मला तुझ्याबद्दल जे ठाऊक आहे त्यात निम्मा माझा जळफळाट मिसळलेला आहे. तो गाळून लिहायला बसलो तर दोन ओळींपुढे काही उरेना. म्हणून न गाळता लिहितो. तू वाचणार नाहीस, त्यामुळे भीड जरा कमी वाटते.

हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी पडवीत चहा घेत होतो. नुसत्या तापाचं निमित्त, आणि तू नाहीस. फोन ठेवला आणि बायकोला हाक मारायच्या आधी मी मनातल्या मनात दिवस मोजले. सुतक कधी फिटतं आणि दसरा कधी येतो. दसरा आधी येत होता. मला रडू आलं ते त्या क्षणी. शुभा धावत आली, तिने मला धरलं. मी तुझ्यासाठी रडतोय असं तिला वाटलं. मी तिला तसंच वाटू दिलं.

मला पहिली हुंदक्याची उबळ आली ती तुझ्यासाठी नव्हती, येसो. ती माझ्या हातून निसटलेल्या तरंगासाठी होती. तुझ्यासाठी रडलो ते नंतर, दुपारी, तुझी चप्पल तुझ्या पडवीत उलटी पडलेली दिसली तेव्हा.

डिचोलीत माझ्या जिममध्ये पणजीकडची पोरं येतात, ती विचारतात, सर, तरंग म्हणजे काय हो? मी सांगतो: माणसाच्या दुप्पट उंचीचा लाकडी खांब, त्याला वरपासून खालपर्यंत देवीची लुगडी निऱ्या घालून बांधलेली, माथ्यावर पितळेची चकचकीत तबकडी. एक माणूस तो कमरेला बांधलेल्या पट्ट्यात टेकवतो, दोन्ही हातांनी धरतो आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत गावात फिरवतो. खाली टेकवायचं ते ठरलेल्या जागीच. आणि बाहेरच्याला न कळणारी गोष्ट ही, की वाटेत घरोघरच्या बायका नवसाची लुगडी वाहतात आणि तीही त्यावरच बांधली जातात. त्यामुळे सकाळी उचललेलं तरंग संध्याकाळी तेच राहत नाही. माणूस थकत जातो आणि वजन वाढत जातं.

"म्हणजे किती किलो?" पोरं लगेच विचारतात. ते कोणालाच माहीत नाही. आपल्या गावात देवीचं वजन करत नाहीत.

हा मान थोरल्या घराचा, म्हणून माझ्या वडिलांचा आणि त्यांच्यामागे माझा. तू वयाने माझ्याहून मोठा असूनही. लहानपणापासून जे जे मोजता येतं त्यात तू पुढे होतास. तुझी उडी लांब, तुझं अक्षर चांगलं, विहिरीत सूर मारलास की पाणी उडायचं नाही. मी पडलो की पंचायतीपर्यंत आवाज जायचा. पुढे तू शाळेत व्यायामाचा शिक्षक झालास आणि मी डिचोलीत आरसे लावून जिम काढलं, तरी माझ्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडून जुळलं तेव्हा शुभाने त्यांना चालायला शिकवायला तुलाच बोलावलं. मी घरात असताना. "येसोभावजी म्हाताऱ्या माणसांकडे बरे बोलतत," म्हणाली. मी बरा बोलत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्याकडे तुझ्याहून जास्त असलेली एकच गोष्ट होती, वर्षातला एक दिवस. त्या दिवशी तू माझ्या मागून चालायचास, हातात पाण्याचा तांब्या घेऊन.

त्या दिवसाची तयारी मी वर्षभर करायचो. बारबेल जमिनीवरून उचलायची, म्हणजे डेडलिफ्ट, दर महिन्याला थोडं वजन वाढवायचं. मला वाटायचं, पाठ एवढी मजबूत असली की तरंग काय चीज आहे. तू एकदा जिममध्ये आला होतास, ओल्या चपलांनी, आरशात स्वतःचे केस नीट करत.

"ह्या तू कित्याक करतंस?" तू विचारलंस.

"तरंगासाठी."

"तरंग जमनीवरसून उचलूचा आसता काय रे? चार माणसां उचलून देतत तुका. तुझा काम उभ्या रवाचा. दिवसभर." मग बारबेलकडे बोट दाखवून, "ह्या तुझा सकाळचा तरंग. संध्याकाळच्याची तयारी खंय करतंस?"

मी हसून म्हटलं, मास्तर, तुम्ही पोरींची कबड्डी बघा.

तुझं म्हणणं खरं होतं, हे मला पुढच्याच दसऱ्याला कळलं. उन्हं उतरत होती, लुगडी इतकी चढली होती की मला समोरचं दिसत नव्हतं. खालच्या वाड्यावरून चढण चढताना वारा आला. लुगडी शिडासारखी भरली आणि तरंग उजवीकडे कललं. त्या वेळी पाय हलवायला हवे होते. माझे पाय हलण्याच्या पलीकडे गेले होते, म्हणून मी कमरेतून वळलो. पाठीत खाली काहीतरी सुटलं आणि उजव्या पायातून थेट अंगठ्यापर्यंत कळ गेली.

तरंग पडलं नाही. तू तांब्या टाकून ते धरलंस.

लोकांनी मला सावलीत बसवलं. पाणी कोणी पाजलं ते आठवत नाही. तुझी पाठ आठवते. तू ते घेऊन चढण चढत होतास, आखूड पावलं टाकत, गुडघे सैल सोडून. वारा आला की त्याच्याशी झगडत नव्हतास, त्याच्या अंगाने थोडा फिरत होतास, पायांसकट. कधी शिकलास हे? इतकी वर्षं माझ्या मागून चालताना तू काय पाहत होतास, ते मला त्या दिवशी समजलं. माझ्या शेजारी बसलेला एक म्हातारा तुझ्याकडे बघत म्हणाला, "येसोच्या हातात देवी हासता हां." पाठीतली कळ पुढे कमी झाली. हे वाक्य तसंच राहिलं.

डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. मणक्यातली चकती सरकली आहे, ऑपरेशनची घाई नको, पडून राहू नका, हालचाल हळूहळू वाढवा. मी आधी पडूनच राहिलो. आणि जरा बरं वाटलं तेव्हा एका दुपारी जिमचं शटर अर्धं ओढून जुन्याच वजनाला हात घातला. लोकांना मी रोज सांगतो, दुखापतीनंतर जुन्या आकड्यापासून सुरुवात करू नका, शरीराला तो आकडा आठवत नसतो. ते मला ठाऊक होतं. पण त्या दुपारी माझ्या डोळ्यांसमोर आकडा नव्हता, चढणीवरची तुझी पाठ होती. बारबेल घोट्यांच्या वर आली आणि मी तिथेच आडवा झालो.

पुढचे दसरे तुझे झाले. मी पडवीतल्या कदेलीवर, त्या जुन्या खुर्चीत, बसून ढोल ऐकायचो. आवाजावरून मला कळायचं तरंग कुठे पोचलं ते. चढणीपाशी आलं की मी श्वास धरायचो. आता खरं सांगतो, ते कलंडावं असं मला वाटायचं. पडावं असं नाही, देवीची शपथ. थोडं कलावं, लोकांच्या तोंडून 'अरे' निघावं, बस. ते कधी कललं नाही.

मग एका वर्षी तू आलास. चतुर्थी होऊन गेली होती, अंगणात अजून गणपतीवर टांगलेल्या माटोळीची सुकलेली फळं पडली होती.

"उठ मरे, पात्रांव." पात्रांव म्हणजे मालक. जिमचं उद्घाटन झालं त्या दिवसापासून तू मला तेच म्हणायचास.

"खंय जावचा?"

"गेटीपर्यंत."

"मी काय बाळंतीण आसंय?"

"बाळंतीण तुझ्याहून बरी. ती सांगलेला ऐकता तरी."

पहिले कित्येक दिवस नुसतं चालणं. गेटपर्यंत, मग पोदेराच्या पावाच्या भट्टीपर्यंत, मग देवळाच्या तळ्यापर्यंत. नंतर पाठीला केरसुणीचा दांडा उभा लावून वाकणं: डोकं, पाठ, माकडहाड, तिन्ही दांड्याला चिकटलेली राहिली पाहिजेत, वाकायचं ते खुब्यातून. मला, जिमच्या मालकाला, तू माझ्याच अंगणात केरसुणी धरून वाकायला लावलंस आणि शेजारच्या बायका बघत होत्या. मग दोन हातांत दोन रिकाम्या कळश्या. मग अर्ध्या भरलेल्या. मग एकाच हातात, म्हणजे अंग एका बाजूला ओढलं जातं आणि पोटाच्या कडांना काम करावं लागतं. मग भाताचं पोतं छातीशी कवटाळून चालणं. शेवटी पोफळीचं खोड आणून त्याला ओली गोणपाटं गुंडाळलीस आणि मला ते धरून उभं केलंस.

"वजन किती वाढवू?" मी विचारलं.

"वजन सोड. देवीचा वजन म्हायत नाय मगे आमी कित्याचा गणित करतलव? वेळ बघ. आज जितको वेळ उभो रवलंस, त्याच्याहून थोडो जास्त. आणि वेळ वाढवतंस त्या आठवड्यात गोणपाट वाढवूचा नाय. एका वेळेक एकच."

दुखण्याबद्दलचा तुझा नियम मला आता पाठ झाला आहे. काम करताना थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. पण उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं. बिछान्यातून उठताना पाठ कालच्यासारखीच असेल तर पुढे जायचं, कालच्यापेक्षा वाईट असेल तर एक पायरी खाली यायचं. आणि दुखणं पायात उतरायला लागलं तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवायचं, त्यात शहाणपणा करायचा नाही. तू रोज सकाळी शाळेत जाताना गेटवर स्कूटर थांबवून नुसती भुवई वर करायचास. मी हात हलवून सांगायचो, तसंच आहे. की तू निघालास.

आणि मधूनमधून एक उतरता आठवडा. सगळं निम्म्यावर. त्या आठवड्यात मी चिडलेला असायचो, वाटायचं तू मला मुद्दाम मागे ठेवतो आहेस. एकदा मी तसं बोललोही.

"तुका माझा तरंग सोडूचा नाय म्हणान असा करतंस."

तू गोणपाट पिळलंस, दोरीवर टाकलंस, स्कूटर चालू केलीस आणि गेलास. दुसऱ्या सकाळी गेटवर पुन्हा भुवई वर. माझ्या त्या बोलण्याचं उत्तर तू कधीच दिलं नाहीस. त्यामुळे ते माझ्याकडेच राहिलं आहे.

आपला एक वाद मात्र तू अर्धवट टाकून गेलास. मी अजून म्हणतो की बारबेलशिवाय भागत नाही. पाठीला मुळात जोर नसेल तर नुसतं उभं राहण्याचा सराव करून माणूस लवकर थकतो. जोर वाढला की तेच ओझं हलकं वाटतं. तू म्हणायचास, ज्याची परीक्षा त्याचाच अभ्यास. शेवटी शेवटी तू थोडा वाकलास, आठवड्यातला एक दिवस मला बारबेल दिलीस, तीही गुडघ्याइतक्या उंचीवरून, हलकी. "तुझ्या देवाचो वार," म्हणालास. त्या दिवसामुळेच माझी प्रगती झाली की त्याच्याशिवायही झाली असती, हे आपण दसऱ्यानंतर बघणार होतो. तू असतास तर मी जिंकलो असतो, येसो. निदान एकदा.

यंदाच्या चतुर्थीला आरती झाल्यावर सगळे भावबंद माझ्या घरी बसले होते. तू नेवऱ्या खाता खाता म्हणालास, "यंदा तरंग नारण धरतलो. माझो खांदो दुखता." एवढंच. जणू नेवरीत नारळ जास्त झालाय असं सांगत होतास. सगळे तुझ्याकडे बघायला लागले. 'येसो म्हणजे येसो,' कोणीतरी बोललं. माझा मान मला परत मिळाला आणि त्या क्षणीही कौतुक तुझंच झालं.

तुझा खांदा खरंच दुखत होता का? मी वहिनींना विचारलेलं नाही. विचारायची हिंमत होत नाही. दुखत असेल तर मला तुझं उरलेलं मिळालं. दुखत नसेल तर तू मला ते दान दिलंस. दोन्ही उत्तरं मला नको आहेत.

तुला उचललं तेव्हा उजवीकडे पुढे मी होतो. पोट घट्ट, पाऊल आखूड, वळताना पाय आधी. तुझंच शिकवलेलं. रस्ताभर पाठीने तक्रार केली नाही. स्मशानात तुझ्या शाळेतल्या मोठ्या झालेल्या मुली भिंतीबाहेर उभ्या होत्या, कडेवर मुलं घेतलेल्या. मी त्यांची गर्दी बघितली आणि माझ्या मनात आलं, माझ्या वेळी डिचोलीतून कोण येईल. बघ, तिथेही.

मग देवळाचा कारभार बघणाऱ्या गावकरांनी ठरवलं. भावबंदांना सुतक, म्हणून यंदा तरंग वरच्या वाड्यावरच्या दामूने धरायचं. दामू डिचोलीच्या खाणीवर डंपर चालवतो, मनगटं माझ्या पोटरीएवढी, आणि गेली काही वर्षं माझ्याच जिममध्ये येतो. घटस्थापनेपासून त्याचा उपास सुरू झाला होता. त्याला मला शिवायचं नव्हतं, माझ्या घरातल्या वस्तूलाही हात लावायचा नव्हता. म्हणून तो स्वतःच पोफळीचं खोड खांद्यावर घेऊन माझ्या गेटसमोर रस्त्यावर येऊन उभा राहिला. मी आत, अंगणात.

"नारणदा, माका कायच म्हायत नाय. मी कधी हात लावूक नाय. तुमी सांगशात तसा करतंय." मग थोडं थांबून, उत्साहाने, "रोज जड डेडलिफ्ट मारू? दसऱ्यापर्यंत होतला काय तरी?"

मला फक्त 'मार' म्हणायचं होतं. आपल्या धंद्यातल्या कोणालाही कळेल, थोडक्या दिवसांत बळ वाढत नाही, नुसता थकवा साठतो. रोज जड उचललं असतं तर दसऱ्याला दुपारनंतर त्याच्या पायात काही उरलं नसतं. तरंग चढणीवर कललं असतं. लोक म्हणाले असते, त्या घरचा हात लागतो त्याला. पुढच्या वर्षी मी ते धरलं असतं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असता. कोणी मला काही विचारलंही नसतं. एक शब्द पुरेसा होता आणि तो माझ्या जिभेवर आला होता. दामू माझ्या तोंडाकडे बघत होता, डंपरच्या धुळीने पापण्या लाल झालेल्या.

मी त्या चढणीचा विचार करत होतो. आणि मला दिसलं की ते कललं तर मागून कोणी येणार नव्हतं. तू नव्हतास. एवढ्या दिवसांत मला ते पहिल्यांदा खरं वाटलं. शपथेवर सांगतो, चितेपाशीही वाटलं नव्हतं.

"नको," मी म्हटलं. "बारबेलीक हात लावू नको. बळ आता येवचा नाय. आसा ता सांभाळ. बरो झोप, फळांफुळां खा, पाणी पी."

मग मी त्याला गेटच्या आतून शिकवलं. हात लावून नीट करता येत नव्हतं, सगळं तोंडाने सांगावं लागलं. गुडघे कुलूप लावल्यासारखे ताणू नकोस. श्वास धरून ठेवू नकोस, पोट घट्ट ठेवून हळू सोड. तरंग उभं असतं तेव्हाच वजन एका पायावरून दुसऱ्यावर ने, थकवा यायच्या आधी. वारा आला तर कमरेतून वळायचं नाही, पावलं हलवायची. टेकवायची जागा आली की लगेच टेकव, मर्दपणा दाखवायला उभा राहू नकोस. आणि लुगडी चढायला लागली की घाबरू नकोस, ते ठरलेलंच आहे, सकाळी थोडं राखून चाल.

तो रस्त्यावर खोड धरून उभा, मी आतून ओरडतोय, येणारेजाणारे थांबून बघतायत. बसवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा दामू खोडासकट नीट पाय हलवत बाजूला झाला. कमरेतून वळला नाही. मला बरं वाटलं.

"तुमची रीतच वेगळी, नारणदा," घाम पुसत तो म्हणाला. "जिमात तर तुमी असा काय सांगणत नाय."

येसो, तिथे एक नाव घ्यायचं होतं, ते मी घेतलं नाही. शिकवलं सगळं, काही लपवलं नाही. नुसतं नाव ठेवून घेतलं. मनात म्हटलं, तुझं सगळं गाव आहे, तुझ्या शाळेच्या मुली आहेत, भिंतीवर ढाली आहेत. एवढं एक मला राहू दे.

काल दिवसभर मी अंगणातच होतो. शेजारच्या अंगणात वहिनी. दोन्ही घरांना देवळात जायचं नाही. मधल्या दगडी गडग्यावर त्यांनी चहाचा पेला ठेवला, मी तो घेतला. दुपारनंतर फणसाच्या शेंड्यांवरून तबकडी दिसायला लागली, उन्हात लखलखत सरकणारी. चढणीपाशी आली. वारा होताच. झाडं हलली, आणि तबकडी एका बाजूला गेली. माझी पाठ आपोआप ताठ झाली, मी गडगा घट्ट धरला. वहिनी उभ्या राहिल्या. मग तबकडी सावकाश गोल फिरल्यासारखी झाली आणि सरळ उभी राहिली. दामूने पाय हलवले होते.

"पडूक नाय," वहिनी म्हणाल्या. आणि खाली बसल्या.

यंदा ते कलावं असं मला वाटलं नाही. हे तुला मुद्दाम सांगतो, कारण आधीचं सांगितलं आहे.

दिवे लागल्यावर दामू आला. कपाळावर गुलाल, कमरेचा पट्टा अजून तसाच, चेहरा लहान मुलासारखा. गेटच्या बाहेरच थांबला.

"नारणदा! लोकांनी इचारल्यानी, दामू, पयल्याच वर्साक इतको वेळ कसो रवलंस? गावकरांनी सुद्दा इचारल्यानी. मी सांगलंय, माका नारणदानी शिकयला. सगळे म्हणतत, नारणाक येवढा येता ता आमका म्हायतच नाय होता."

हे वाक्य ऐकायला मी पन्नाशीपर्यंत थांबलो होतो. आणि ते गडग्यापलीकडे वहिनींनीही ऐकलं. त्यांनी मान वर केली नाही. त्यांना सगळं ठाऊक होतं. स्कूटर रोज कुठे थांबायची, गोणपाटं कोणी भिजवायची. त्या हातातल्या पेल्याच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या. त्या काहीच बोलणार नव्हत्या, आज नाही, कधीच नाही. मी गप्प राहिलो असतो तर ते माझंच झालं असतं.

"दामू," मी म्हटलं, "ता माझा न्हय. येसोचा."

"म्हणजे?"

"म्हणजे मी त्येच्याकडसून शिकलंय. मी चुकीचा उचलून पडललंय. त्येना माका गेटीपर्यंत चलवन चलवन उभो केल्यान. तुका सांगलंय ता सगळा त्येचा."

"मगे आदी कित्याक सांगूक नाय?"

"नाय सांगलंय."

दामू वहिनींकडे वळला आणि लांबूनच हात जोडले. मग म्हणाला, "थांबा, मी सांगून येतंय सगळ्यांका. थंयच बसलेले आसत अजून," आणि तो धावत सुटला. दिवसभर तरंग घेऊन उभा राहिलेला माणूस, चढणीवर, धावत.

"सावकास रे!" वहिनींनी मागून हाक मारली. "काळोख जालो, पडशीत!"

मलाही तेच ओरडायचं होतं, येसो. माझं कारण वेगळं होतं. तो वर पोचेपर्यंत तरी ते कौतुक माझंच होतं.